जुन्या आतल्या दारांच्या रंगीत काचा: कोल्हापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पेठेतली जुनी घरं, राजारामपुरीतले बैठे बंगले, चाळीस वर्षांपूर्वीचे फ्लॅट, सगळीकडून हे प्रश्न येत राहतात. बहुतेकांची सुरुवात एकाच वाक्याने होते: "दार चांगलं आहे, काच नको झालीय." उत्तरं देताना आम्ही एक गोष्ट धरून ठेवली आहे. आतल्या दाराला काच बसवली ती उजेडासाठी. तो उजेड कमी होणार असेल, तर काच कितीही देखणी असली तरी तो बदल फायद्याचा नाही.

१. आमच्या आतल्या दारांना तपकिरी-पिवळ्या, खडबडीत नक्षीच्या काचा आहेत. अशाच काचा इतक्या घरांत का दिसतात?

त्या काळात पलीकडचं दिसू नये आणि उजेड मात्र यावा, यासाठी हाच सोपा उपाय होता. वितळलेली काच दोन रुळांमधून काढतात आणि त्यातल्या एका रुळावर नक्षी कोरलेली असते. म्हणून अशा काचेची एक बाजू खडबडीत आणि दुसरी जवळपास गुळगुळीत असते. बोट फिरवून गुळगुळीत बाजू कुठली ते आजच बघून ठेवा, पुढच्या बऱ्याच उत्तरांत ते लागणार आहे. तपकिरी, पिवळा, हिरवा, निळा हे रंग तेव्हा सहज मिळायचे आणि सागवानी पॉलिशला तपकिरी शोभतो असं सगळ्यांनाच वाटायचं. पुढे त्याच दारांवर क्रीम किंवा पिस्ता रंगाचा ऑइलपेंट चढला आणि काच एकटी पडली. आज ती डोळ्यांना खुपते, त्याचं अर्धं कारण तिच्याभोवतीचा रंग आहे.

२. काचेचा रंग खरवडून किंवा केमिकल लावून काढता येतो का?

काच अंगानेच रंगीत असेल तर नाही. निळा रंग कोबाल्टमुळे येतो, हिरवा लोह किंवा क्रोमियममुळे. ही द्रव्यं काच वितळलेली असतानाच तिच्यात मिसळतात, त्यामुळे रंग आरपार असतो. ओळखायचं असेल तर काच धरणाऱ्या लाकडी पट्टीच्या आतला काचेचा काठ दिसेल अशी जागा शोधा. काठही रंगीत असेल तर विषय संपला. काही दारांना मात्र साध्या काचेवर मागून रंग मारलेला किंवा रंगीत कागद चिकटवलेला असतो. कोपऱ्यात ओलं ब्लेड आडवं धरून हलकं फिरवलं की असा रंग सुटतो, आणि मग काच बदलायचा खर्चच राहत नाही.

३. काच बदलली तर मधली खोली खरंच उजळेल का?

हा प्रश्न पैसे खर्च करण्याआधी विचारलात हे फार चांगलं. शिवाजी पेठ, मंगळवार पेठ, उत्तरेश्वर या भागांतली बरीच घरं चिंचोळी आणि खोल आहेत आणि दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांना लागून. पुढे सोपा (ओसरी), मागे स्वयंपाकघर आणि मधल्या माजघराला खिडकीच नाही. तिथे येणारा सगळा उजेड दारांच्या तावदानांतून आणि दारावरच्या झडपेतून येतो. अशा घरात काचेचा रंग हा नुसता शोभेचा विषय राहत नाही. साध्या पारदर्शक ४ मिमी काचेतून साधारण ९० टक्के उजेड पार होतो. गडद तपकिरी काच त्यातला मोठा हिस्सा खाऊन टाकते आणि जो उजेड आत येतो तो पिवळट असतो. भिंत पांढरी दिली तरी ती मळकी का दिसते, याचं उत्तर बऱ्याचदा इथे सापडतं.

पण आधी करून बघा. दार सताड उघडून ठेवा, माजघरातले दिवे बंद करा आणि सकाळी दहाला तिथे पेपर वाचा. मग दार लावून पुन्हा वाचा. फरक डोळ्यांना जाणवला तर काच बदलून उपयोग होईल. जाणवलाच नाही, तर उजेड अडतोय तो पुढच्या खिडकीपाशी, आणि आतली काच बदलून फक्त रंग बदलेल. ही पाहणी करण्याआधी काच दोन्ही बाजूंनी साबणाच्या पाण्याने आणि मऊ ब्रशने धुवा. नक्षीच्या खाचांत फोडणीचा तेलकट धूर वर्षानुवर्षं बसलेला असतो. काच धुतल्यावर "राहू दे, बरी दिसते" असं म्हणणारी घरं थोडी नाहीत.

पश्चिमेला तोंड असलेल्या घरांची तऱ्हा वेगळी. मावळतीचं ऊन दारांमागून दारं ओलांडत किती खोल जातं, हे अंबाबाईच्या देवळातला किरणोत्सव पाहिलेल्याला वेगळं सांगायला नको. अशा घरात एकदम पारदर्शक काच बसवली तर संध्याकाळी ऊन थेट डोळ्यांवर येतं. तिथे दुधी काच बरी.

४. काच न काढता काही करता येईल का? खर्च कमीच ठेवायचा आहे.

येईल. दुधी म्हणजेच फ्रॉस्टेड फिल्म लावा. ती गुळगुळीत बाजूलाच चिकटते. नक्षीच्या बाजूला लावली तर मध्ये हवा राहते आणि थोड्याच दिवसांत कडा सुटतात.

काच धुऊन घ्या, रंगाचे शिंतोडे ओल्या ब्लेडने काढा. फिल्म चारही बाजूंनी इंचभर मोठी कापा. पाण्यात शाम्पूचे दोन-चार थेंब टाका आणि ते पाणी फवाऱ्याने काचेवर आणि फिल्मच्या चिकट बाजूवरही भरपूर मारा. बोअरचं पाणी वापरू नका. ते वाळल्यावर क्षारांचे पांढरे ठिपके फिल्मखाली कायमचे राहतात, म्हणून पिण्याचं गाळलेलं पाणी घ्या. फिल्म ठेवून जागेवर सरकवा आणि रबरी पट्टीने मधून कडेकडे पाणी काढत जा. शेवटी नव्या ब्लेडने कडा कापा, पण लाकडी पट्टीला अगदी टेकवू नका, एक-दोन मिलिमीटर जागा सोडा. पहिले काही दिवस फिल्म धुरकट दिसेल. आतलं पाणी वाळलं की ती आपोआप साफ होते, पावसाळ्यात थोडा जास्त वेळ लागतो.

५. फिल्म लावली, तरी पिवळेपणा गेलाच नाही. फिल्म खराब निघाली का?

फिल्म ठीक आहे. दुधी फिल्म उजेड पसरवते, काचेचा रंग घालवत नाही. ज्या बाजूने फिल्मवर उजेड पडतो, त्या बाजूने ती पांढरी दिसते. अंधाऱ्या बाजूने बघणाऱ्याला उजेड रंगीत काचेतून गाळूनच मिळतो, म्हणून पिवळेपणा दिसतोच. हलका निळा किंवा हिरवा असेल तर फिल्ममुळे तो छान मवाळ होतो. गडद तपकिरीला मात्र फिल्मचा उपयोग फारसा नाही, तिथे काच बदलणं हाच उपाय. पूर्ण अपारदर्शक फिल्म लावून रंग झाकता येतो, पण मग उजेडही गेला.

६. काचेवर पांढरा ऑइलपेंट मारला तर चालेल का?

नको. काचेला तो धरत नाही, पोपडे निघतात आणि ब्रशच्या रेघा उजेडात स्पष्ट दिसतात. काच दुधी करणारं आम्लाचं क्रीम मिळतं, तेही घरी वापरू नका. त्यातली फ्लोराइडची द्रव्यं कातडीला आणि डोळ्यांना खोल इजा करतात.

७. नवी काच कुठली घ्यावी? दुकानात गेलं की गोंधळ उडतो.

दुकानात जायच्या आधी घरात ठरवा: पलीकडचं किती दिसलेलं चालेल? सोपा आणि माजघर यांच्यामध्ये माणूस आहे एवढं कळलं तरी चालतं, तिथे उभ्या पन्हळीची फ्लूटेड काच सुंदर दिसते. तिच्यातून आकार तुटक दिसतात आणि उजेड भरपूर येतो. निजायच्या खोलीला दुधी काच घ्या. स्वयंपाकघराच्या दाराला आमचं मत साध्या पारदर्शक काचेचं. आत कोण आहे ते बाहेरून दिसतं, हातात गरम भांडं घेऊन येणारी आणि दार ढकलणारी व्यक्ती एकमेकांना धडकत नाहीत, आणि पुसायला तीच सगळ्यांत सोपी. बारीक दाण्याची पिनहेड काचही अजून मिळते. जुन्या दाराच्या स्वभावाला ती नव्या नक्ष्यांपेक्षा जास्त जुळते.

दुधी काच वाळू मारून केलेली असेल तर तिच्या खरखरीत बाजूवर बोटांचे तेलकट डाग पडतात आणि लवकर जात नाहीत. जिथे हात कमी लागतात तिकडे ती बाजू ठेवा.

जाडी ठरवताना वजनही बघा. १ मिमी जाडीच्या १ चौरस मीटर काचेचं वजन अडीच किलो. दोन फूट बाय चार फुटाचं तावदान ४ मिमीमध्ये साधारण साडेसात किलो भरतं, ६ मिमीमध्ये अकरा किलो. जुन्या बिजागऱ्यांना हा फरक जाणवतो. ६ मिमी घेणार असाल तर बिजागऱ्यांचे स्क्रू सैल झालेत का ते आधी बघा आणि सुताराकडून तिसरी बिजागरी बसवून घ्या.

८. घरात लहान पोरं आहेत. टफन काच घ्यायलाच हवी का?

तावदान खालपर्यंत असेल तर हो, आणि यात काटकसर करू नका. दारातली जमिनीपासून दीड मीटरपर्यंतची काच ही धोक्याची जागा मानली जाते, कारण पडणाऱ्या किंवा धावत येणाऱ्या माणसाचं डोकं, हात, गुडघे तिथेच आदळतात. जुनी साधी काच फुटली की सुरीसारखे लांब तुकडे होतात. भट्टीत तापवून मजबूत केलेली टफन काच फुटली तर तिचे बोथट कडांचे बारीक खडे होतात.

टफन काच एकदा तयार झाली की कापता येत नाही, भोकही पाडता येत नाही. आधी माप, मग कापणी, मग भट्टी. म्हणून मापात चूक झाली तर काच वाया. भट्टीतून यायला दिवस लागतात, तोवर दार उघडं राहणार हे धरून चाला. काच हातात आली की कोपऱ्यात आयएस २५५३ (सुरक्षा काचेचं भारतीय मानक) चा शिक्का बघा. खोल नक्षीच्या सगळ्याच काचा टफन होत नाहीत आणि आत तारेची जाळी असलेली काच तर होतच नाही. तिथे लॅमिनेटेड काच घ्या. तिच्यात दोन काचांमध्ये प्लॅस्टिकचा पातळ थर असतो, त्यामुळे फुटली तरी तुकडे जागेवर धरून राहतात.

काच बदलायचीच नसेल, तर निदान गुळगुळीत बाजूला पारदर्शक सेफ्टी फिल्म लावा. काच त्याने मजबूत होत नाही, पण तुकडे उडत नाहीत. लावायची रीत प्रश्न ४ मध्ये आहे तीच.

९. जुनी काच दार न बिघडवता कशी काढायची?

दाराचं लाकूड आणि पट्ट्या वाचवायच्या असतील तर घाई सोडा. दार बिजागऱ्यांतून काढून दोन स्टुलांवर आडवं ठेवा, खाली गोधडी घाला. जाड हातमोजे, चष्मा आणि बंद बूट घालूनच काम करा. काचेवर दोन्ही बाजूंनी रुंद चिकटपट्टीच्या फुल्या मारा, म्हणजे फुटलीच तर तुकडे धरून राहतील.

पट्टी आणि दार यांच्या सांध्यात रंगाचे बरेच थर बसलेले असतात. आधी कटरने तो सांधा चारही बाजूंनी चिरून घ्या. हे टाळलं की पट्टीबरोबर दाराचा रंग आणि कधी लाकडाची ढलपीही उठते. मग सगळ्यांत लांब पट्टी निवडा आणि तिच्या मधोमध रुंद पटाशी घाला. टोकाला चुका (बारीक खिळे) मारलेल्या असतात, तिथे पट्टी तुटते. मधोमध ती वाकते, आणि वाकली की दोन्ही टोकं आपोआप मोकळी होतात. पहिली निघाली की बाकीच्या सोप्या. प्रत्येक पट्टीमागे पेन्सिलने खूण करा, कारण हाताने रंधलेल्या पट्ट्या एकमेकींच्या जागी बसत नाहीत. पट्टीतून बाहेर आलेल्या चुका हातोडीने उलट्या ठोकू नका, पक्कडीने मागच्या बाजूने ओढून घ्या, म्हणजे समोरचा रंग फुटत नाही.

पट्टीऐवजी लांबी (पुट्टी) भरलेली असेल तर ती दगडासारखी कडक झालेली असते. पटाशीने थोडी थोडी काढा. तिच्याखाली काच धरणारे बारीक खिळे असतात, ते आधी शोधा. तिरका जोर देऊन काच उचकटायला जाऊ नका.

१०. माप सुतारमामांनी घ्यावं की काचवाल्यानं? आणि किती सूट ठेवायची?

जो काच कापून देणार त्यानेच घ्यावं, म्हणजे चुकलं तर जबाबदारी एकाचीच. स्वतः घेणार असाल तर काच काढल्यावर खाचेच्या आतून घ्या. पट्टीच्या वरून घेतलेलं माप हमखास लहान येतं. रुंदी वर, मध्ये, खाली आणि उंचीही तीन ठिकाणी मोजा, सगळ्यांत कमी भरेल ते धरा. मग रुंदी आणि उंची दोन्हींतून एक सूत, म्हणजे साधारण ३ मिमी, कमी करा. लाकूड पावसाळ्यात फुगतं, घट्ट बसवलेली काच तेव्हा काठाशी तडकते. दोन्ही कर्णही मोजा. ते सारखे नसतील तर दार काटकोनात नाही, मग काचवाल्याला आकडे देण्यापेक्षा पुठ्ठ्याचा साचा कापून द्या. वर कमान असलेल्या तावदानालाही साचाच लागतो.

काही दुकानांत माप पुढच्या तीन इंचांपर्यंत वाढवून पैसे लावतात. दर विचारताना हेही विचारून घ्या.

११. बसवताना लांबी, सिलिकॉन की नुसती पट्टी?

आतल्या दाराला पावसाचा मारा नसतो, तेव्हा लाकडी पट्टी पुरेशी. मात्र पट्टीखाली सिलिकॉनची बारीक रेघ द्या, नाहीतर दार आपटलं की काच खडखडते. खाली काचेला दोन छोटे रबरी किंवा लाकडी तुकडे द्या, काच थेट लाकडावर टेकू नये. लॅमिनेटेड काच आणि आरसा यांना व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन लावू नका. त्यातलं आम्ल आरशाच्या मागच्या थराला आणि लॅमिनेटेडच्या कडांना खातं. न्यूट्रल सिलिकॉन मागा.

१२. दार घासून नवीन रंग द्यायचा आहे. जुन्या ऑइलपेंटची भीती असते का?

असते. भारतात घरगुती रंगांतल्या शिशाला ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या थरांत शिसं असू शकतं असंच धरून चाला. कोरडं घासू नका, पॉलिश पेपर पाण्यात भिजवून वापरा. तोंडाला नुसता रुमाल पुरत नाही, चांगला मास्क घाला. ती खोली पुरी होईपर्यंत पोरांना आणि गरोदर बाईला तिकडे फिरकू देऊ नका. झाडू मारू नका, ओल्या फडक्याने पुसून ते फडकं टाकून द्या. रंग सोडवायला आगीची बत्तीही नको, तिच्या धुरातून शिसं थेट छातीत जातं.

१३. पावसाळ्यात हे काम काढू का? आणि महापुरात भिजलेल्या दारांचं काय?

दिवाळीनंतर ते मे महिन्यापर्यंत काढा. कोल्हापूरच्या पावसात दारं फुगलेली असतात, रंग वाळत नाही आणि फिल्मखालचं पाणीही हटत नाही.

२०१९ आणि २०२१ च्या पुरात नागाळा पार्क, शाहूपुरीसारख्या भागांत पाणी घरांत शिरलं होतं. तेव्हा भिजलेल्या दारांत पट्टीमागे गाळ साचून राहिलेला असतो, चुका गंजलेल्या असतात आणि काच एका बाजूने दाबली गेलेली असते. वरून सगळं ठीक दिसतं, पट्टीला हात लावला की काच चरकन तडकते. अशा दारात काच वाचणार नाही असं धरूनच कामाला लागा. सागवान असेल तर गाळ काढून, सावलीत वाळवून दार परत वापरता येतं. प्लाय पापुद्रे सुटून उघडला असेल तर त्यात नवी काच बसवण्यात अर्थ नाही.

१४. न्हाणीघराच्या दाराला फिल्म टिकेल का?

बाहेरच्या बाजूने लावली तर टिकते, पण ती बाजू गुळगुळीत हवी. नसेल तर दुधी टफन काच घ्या आणि आतून पट्टीच्या चारही बाजूंनी सिलिकॉन भरा.

१५. घर भाड्याचं आहे, मालक काच बदलू देत नाहीत.

चिकटद्रव्य नसलेली, नुसत्या पाण्याने धरणारी फिल्म मिळते, ती लावा. जाताना सोलून घेऊन जाता येते. ही फिल्मसुद्धा गुळगुळीत बाजूलाच धरते, आणि रंगाबद्दल प्रश्न ५ वाचूनच ठरवा.

१६. देवघराच्या दाराच्या काचेवर अंबाबाई आणि ॐ कोरलेले आहेत. बदलायचं मन होत नाही, पण काच फार काळवंडली आहे.

मग बदलू नका. देवघराच्या काचेवर धूप-उदबत्तीचा आणि समईच्या काजळीचा थर असतो आणि तो निघतो. कोमट साबणाचं पाणी, मऊ टूथब्रश आणि थोडा धीर एवढंच लागतं. कोरीव भागावर सोनेरी रंग भरलेला असेल तर त्यावर ब्रश फिरवू नका, तो सुटतो. तरीही दार बदलायची वेळ आली, तर काच प्रश्न ९ प्रमाणे अखंड काढा आणि देवघराच्या मागच्या भिंतीवर चौकटीत बसवा, मागे छोटा दिवा दिला तर नक्षी उठून दिसते. भग्न झाली असेल तर घरातल्या थोरांना विचारून रीतीप्रमाणे करा, कचऱ्यात टाकू नका.

१७. आमच्या वाड्यात दारांवरच्या झडपांना लाल, निळ्या, हिरव्या काचा आहेत. सगळ्याच काढून पांढऱ्या करू का?

थांबा. चाळीस वर्षांपूर्वीची तपकिरी नक्षीची काच वेगळी आणि ही वेगळी. न्यू पॅलेसच्या दरबार हॉलमध्ये शिवरायांच्या आयुष्यातले प्रसंग रंगीत काचांत आहेत, तो राजवाडा १८७७ ते १८८४ या काळात बांधला गेला. कोल्हापूरला रंगीत काचेची ही आवड जुनी आहे आणि तुमच्या झडपेतल्या काचा त्याच आवडीच्या असू शकतात. काचेतून बघताना पलीकडचं किंचित लाटांसारखं हलतं का, आत बारीक बुडबुडे आहेत का, तुकडे शिशाच्या पट्ट्यांनी जोडलेले आहेत का, हे बघा. यातलं काही दिसलं तर काचा ठेवा, त्या पुन्हा मिळणार नाहीत. उजेड हवा असेल तर खालची तावदानं पारदर्शक करा, वरचे रंग राहू द्या. शिशाच्या पट्ट्या सैल झाल्या असतील तर त्यात सिलिकॉन भरू नका, हे काम जाणणाऱ्या कारागिराकडे न्या. शिशाला हात लावल्यावर हात धुवा.

१८. काचेऐवजी प्लाय बसवला तर कायमची कटकट मिटेल ना?

काच मिटेल, कटकट राहील. प्रश्न ३ मधली पेपरची परीक्षा तावदानावर पुठ्ठा लावून करून बघा. कोठीच्या किंवा कपाटाच्या दाराला प्लाय खुशाल बसवा. माजघराच्या दाराला आम्ही कुणालाच सुचवत नाही.

१९. सहापैकी एकच काच फुटली आहे. तशीच मिळेल का?

नेमकी तशी मिळणं अवघड. तुकडा घेऊन जुन्या काचवाल्यांकडे फिरा, लक्ष्मीपुरीपासून सुरुवात करा, मागच्या कप्प्यात एखादी निघते. नाही मिळाली तर घरात सगळ्यांनाच पटणारा मार्ग असा: घरातल्या कमी वापरातल्या दाराची जुनी काच काढून इथे बसवा आणि त्या दाराच्या सगळ्या काचा नव्या करा. एकाच दारात पाच जुन्या आणि एक नवी ठेवू नका, लक्ष त्या एकीकडेच जातं.

२०. काढलेल्या जुन्या काचांचं काय करायचं?

अखंड निघाल्या तर उभ्या ठेवा, आडव्या रचू नका, आणि मध्ये वर्तमानपत्र घाला. दुसऱ्या जुन्या घरात एखादी फुटली की अशीच काच लागते (प्रश्न १९), म्हणून काचवाल्याला सांगून ठेवा. फुटलेले तुकडे जाड पुठ्ठ्यात गुंडाळा, दोरी बांधा, वर मोठ्या अक्षरात "काच" लिहा आणि घंटागाडीत टाकायच्या ऐवजी कर्मचाऱ्याच्या हातात सांगून द्या. बाटल्यांच्या भंगारात ही काच मिसळू नका, तिची घडण बाटल्यांच्या काचेपेक्षा थोडी वेगळी असते.